सतराव्या शतकातला जामा घरी बेतताना: कापड घेण्यापासून शेवटच्या बंदापर्यंत

शिवजयंतीची मिरवणूक असो, ६ जूनचा रायगडावरचा सोहळा असो की गिरगावातली पाडव्याची शोभायात्रा, भाड्याने आणलेला पोशाख लांबूनच ओळखू येतो. पॉलिस्टरची मखमल, कडेला सोनेरी लेस, पाठीला चेन आणि छातीवर आजच्या कुर्त्याचे डार्ट (अंगाला बसवायला घातलेल्या टोकदार चिमट्या). लेस काढून टाकली तरी तो जुना दिसत नाही, कारण त्याचा बेतच आजचा आहे. जुना कपडा अंगाच्या वळणांवर कापलेला नसतो. तो मागाच्या पन्ह्यातून (कापडाच्या रुंदीतून) सरळ फाडलेल्या चौकोनांचा आणि कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद तुकड्यांचा असतो, आणि अंगावर बसतो तो बंदांनी, म्हणजे बांधायच्या पट्ट्यांनी. हे एकदा लक्षात आलं की शिवण नवीन शिकणाऱ्यालाही जामा, म्हणजे कंबरेला शिवण आणि खाली घेर असलेला लांब बाह्यांचा कपडा, जमतो. हातात गोल कात्री-काम जवळजवळ नाहीच.

खालचा बेत आडव्या छेदाच्या (समोरची कड गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी जाणाऱ्या), डाव्या बगलेत बांधायच्या जाम्याचा आहे. तो घोडेस्वार, सरदार, कारकून अशा माणसाला शोभतो. डोंगरात पायी धावणाऱ्या मावळ्याच्या अंगावर एवढा घेर घालू नये. त्याच्यासाठी हाच वरचा भाग सात-आठ इंच लांब कापावा आणि कळ्या लावूच नयेत. छातीवर गोल खिडकी आणि आत पडदा असलेला अंगरखा पुष्कळांना 'मराठेशाहीचा' वाटतो, पण तो नंतरच्या काळातला. शिवकाळ दाखवायचा असेल तर तो बेत घेऊ नका.

नमुना पाहायचा तर चित्रात पाहा, मालिकांत नको. अॅमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये विट्सेन या डच संग्राहकाचा चित्रसंग्रह आहे. तो साधारण १६८६ च्या सुमारास गोवळकोंड्यात तयार झाला आणि त्यात शिवाजी महाराजांचं चित्रही आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती चित्रं मोठी करून बघता येतात. मुंबईत फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दख्खनी लघुचित्रं आहेत, तिथे एक दुपार काढाच. बघताना रंगात अडकू नका. चार गोष्टी टिपून घ्या: कंबरेची शिवण कुठे बसली आहे, घेर कुठपर्यंत पोचतो, मनगटावर बाहीच्या किती चुण्या पडल्या आहेत आणि बंद कोणत्या बगलेत आहेत. हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बांधायचं, हा त्या काळचा रिवाज. डावी म्हणजे घालणाऱ्याची डावी. चित्रासमोर उभं राहून शिवणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते आणि मग अख्खा जामा उलटा निघतो.

कापड

मंगलदास मार्केट, मुलजी जेठा किंवा दादरचं हिंदमाता, कुठेही जा, पण दुकानदाराला 'कॉस्च्युमसाठी' असं सांगू नका. तसं सांगितलंत की समोर चकाकतं कापड उलगडलं जातं. 'शंभर टक्के सुती, ४४ पन्हा (म्हणजे ४४ इंच रुंद), मध्यम जाड' एवढंच मागा. मलमल दिसते सुंदर, पण नवख्याच्या हातात ती सरकते आणि बंदाच्या जागी फाटते. पहिला जामा शर्टिंगपेक्षा किंचित जाड सुती कापडाचा करा. ५८ पन्हा घेण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण मग कळ्या मोठ्या कापल्या जातात आणि शिवणींच्या त्या उभ्या रेषा कमी होतात. जुन्या घेराचं रूप या रेषांवरच आहे.

रंगांत नीळ, मंजिष्ठाचा लाल, हळदीचा पिवळा, कुसुंबी, डाळिंबाच्या सालीचा मातकट पिवळा आणि पांढरा, एवढ्यात राहा. झगझगीत जांभळे-गुलाबी रंग रासायनिक आहेत आणि पहिला तसा रंग निघाला तोच १८५६ साली.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. काठाचा दोरा ओढून घरी स्टीलच्या ताटलीत जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. ही केवळ शुद्धतेची हौस नाही. मिरवणुकीत मशाली असतात, फटाके असतात. सुताला ठिणगी लागली तर भोक पडतं, पॉलिस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं. शिवाय मुंबईच्या दमट हवेत चार तास पॉलिस्टर अंगावर ठेवून चालणं म्हणजे चक्कर येण्याची सोय.

किती घ्यायचं? ३८ इंच छाती आणि साधारण साडेपाच फूट उंची असेल तर जाम्याला ४४ पन्ह्याचं ५ मीटर. चाचणीसाठी मांजरपाट सव्वादोन मीटर. सुती दोऱ्याची दोन रिळं आणि दोरा ओढून घ्यायला मधमाशीचं मेण. कापड आणलं की आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि साबणाच्या गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. हे न केल्यास पहिल्याच धुण्यात बाही आखडते, आणि बाही ही आखडलेली चालेल अशी जागा नाही. धुतल्यावर ४४ चा पन्हा ४२ ते ४३ भरतो. पुढची सगळी मापं ४२ धरून दिली आहेत.

मापं

टेप इंचाची घ्या. जाड बनियन अंगात ठेवून पाच मापं काढा: छाती (पोट जास्त असेल तर पोटच धरा), मानेच्या बाजूच्या खांद्यापासून कंबरेच्या दोन बोटं वरपर्यंतची उंची, त्याच जागेपासून गुडघ्याखाली चार बोटांपर्यंतची पूर्ण उंची, कोपर वाकवून खांद्याच्या हाडापासून मनगट आणि अंगठा आत घेऊन पंजाचा घेर. आपल्या उदाहरणात ही मापं ३८, १६, ४२, २३ आणि ९ इंच आहेत. सगळीकडे अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरायची.

कापायचे तुकडे असे:

पाठ एक आणि समोरचे पल्ले दोन. तिन्ही २२ इंच रुंद, १७ इंच लांब. (छातीचा निम्मा १९, सैलपणा २, माया १.)
बाह्या दोन. लांबी ३१, वरची रुंदी १७, मोहरी १०.
चौबगले (बगलेत बसवायचे चौकोन) दोन. ५ बाय ५.
कळ्या बारा. लांबी २९, वर ७, खाली १४.
बंद आठ. प्रत्येकी १२ इंच लांब, २ इंच रुंद पट्टी.
गोटासाठी (कड झाकायला) सव्वा इंच रुंदीच्या तिरक्या पट्ट्या.

बाही ३१ इंच का, हा प्रश्न पहिल्यांदा बेतणारा प्रत्येक जण विचारतो. हात तर २३ इंचांचा. पाठ खांद्यापेक्षा रुंद असल्यामुळे तिची कड दंडावर दीड इंच उतरते, ते वजा केलं की साडेएकवीस. त्यात चुण्यांसाठी ८ इंच मिळवा, मग मायेसाठी अर्धा आणि मोहरी दुमडायला एक. मनगटावर गोळा झालेल्या त्या चुण्याच जाम्याची खरी खूण आहे. कापड वाचवायला बाही आखूड केली की जामा नाइटगाऊनसारखा दिसायला लागतो.

कापणी

मुंबईच्या घरात दहा फुटांचं टेबल कोणाकडे नसतं, आणि या बेताला ते लागतही नाही. एका वेळी एक ओळ उलगडायची. आडवा धागा सरळ मिळवण्यासाठी काठाला कात्रीने एक चीर द्या आणि कापड फाडा. सुती कापड बाण्याच्या रेषेत सरळ फाटतं. चॉकने आखलेली रेष अनेकदा अर्धा इंच तिरकी जाते, फाडलेली जात नाही.

आधी १७ इंचांच्या तीन ओळी फाडा. प्रत्येक ओळीतून २२ इंचांचा एक तुकडा निघेल आणि शेजारी साधारण २० इंचांची पट्टी उरेल. या पट्ट्यांतून चौबगले, बंद आणि गोट सुटतात. मग ३१ इंचांची एक ओळ घ्या आणि तीत दोन बाह्या एकमेकींना उलट ठेवून कापा, एकीची मोहरी दुसरीच्या खांद्याशेजारी. शेवटी २९ इंचांच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीचे २१ इंचांचे दोन भाग करा. एका भागाच्या वरच्या कडेवर डावीकडून ७ इंचांवर खूण, खालच्या कडेवर डावीकडून १४ इंचांवर खूण, आणि दोन्ही खुणा जोडून एक तिरका काप. दोन कळ्या तयार, कचरा शून्य. असे सहा भाग, बारा कळ्या.

प्रत्येक कळीची एक कड आता सरळ धाग्यावर आहे आणि दुसरी तिरकी. तिरकी कड सरळ कडेपेक्षा जवळपास पाऊण इंच लांब भरते. ती चूक नाही, ती शेवटी खाली छाटायची आहे. वरच्या बाजूला छाटलंत तर घेर कंबरेत कायमचा तिरका बसेल.

पल्ल्यांचा छेद सावकाश आखा. वरचा पल्ला अंगावर घातल्यासारखा समोर धरा. मायेच्या आतल्या रेषेवरून मोजायचं. घालणाऱ्याच्या उजव्या कडेपासून साडेसात इंचांवर गळ्याचा बिंदू. खांद्याचं बाहेरचं टोक १ इंच खाली उतरवा आणि या दोन बिंदूंना जोडा, हा खांदा. टोकापासून सरळ खाली ८ इंच, हा मुंढा. आता मधली रेष, म्हणजे उजव्या कडेपासून साडेदहा इंचांवर, तिथे वरून साडेतीन इंच खाली एक खूण. डाव्या कडेला वरून ९ इंचांवर दुसरी. गळ्याच्या बिंदूपासून पहिल्या खुणेपर्यंत किंचित पोकळ वळण आणि तिथून डाव्या खुणेपर्यंत जवळजवळ सरळ रेष. मधली खूण सोडून थेट कर्ण आखला तर कापड गळ्याशी घोटतं. आतला पल्ला याचाच आरसा. म्हणून दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा आणि एकदमच कापा. छापील कापडात हे विसरलात तर दोन उजवे पल्ले हाती येतात आणि तिसऱ्यासाठी कापड उरत नाही. पाठीला मधोमध ६ इंच रुंद आणि पाऊण इंच खोल गळा, खांदे पल्ल्यांसारखेच.

हे सगळं आधी मांजरपाटावर करायचं, कळ्या सोडून. वरचा भाग आणि एक बाही मोठ्या धावदोऱ्याने जोडा, अंगात घाला, बगलेत सेफ्टी पिना लावा आणि दोन्ही हात डोक्यावर न्या. तलवारीचा हात करायचा असेल तर तोही करून बघा. कंबरेची कड दीड-दोन बोटांपेक्षा जास्त वर चढली तर बाही नव्हे, चौबगला लहान पडतो आहे. तो ६ बाय ६ चा घ्या. छेदाची कड छातीवर उघडी पडत असेल तर त्या कडेवर बारीक धावदोरा घालून पाव इंच गोळा करा. मुंढा वाढवून यातलं काहीच सुटत नाही, उलट बगल आणखी ओढते.

शिवणकाम

शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे खरी शिवण हाताची. पण पहिल्याच जाम्यात सगळं हाताने करायचा हट्ट नको. आतल्या लांब शिवणी मशीनवर घ्या, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कडा, गोट, घेराची दुमड आणि बंद हातानेच करा. धावदोऱ्याचे इंचाला सहा ते आठ टाके पुरेत, दर तीन-चार टाक्यांनी एक टाका मागे घ्यायचा. माया आत उघडी ठेवू नका: एका बाजूची माया निम्मी छाटा, दुसरी तिच्यावरून दुमडून बारीक टाक्यांनी बसवा. आत ओव्हरलॉकचा दोरा दिसला की बाहेरची सगळी मेहनत वाया.

क्रम चुकवू नका. आधी दोन्ही खांदे. मग कापड सपाट पसरून बाहीची वरची कड मुंढ्याला, समोर ८ आणि मागे ८ इंच. त्यानंतर चौबगला. तो बगलेत चौकटच्या पत्त्यासारखा बसतो: दोन कडा बाहीच्या सुरुवातीच्या चार-चार इंचांना, दोन कडा पाठ आणि पल्ल्याच्या बाजूंना. नवख्यांचं काम अडतं ते इथेच, आणि कारण प्रत्येक वेळी तेच असतं: टाका कोपऱ्याच्या टोकापर्यंत नेलेला असतो. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबा, गाठ मारा, तुकडा फिरवा आणि पुढची कड त्याच बिंदूपासून सुरू करा. टोकापर्यंत शिवलंत तर चारही शिवणी एकमेकींना ओढतात आणि बगलेत अशी चुणी पडते की इस्त्रीनेही जात नाही. चौबगले बसले की बाहीची खालची शिवण आणि बाजू शिवा. मोहरीशी ३ इंच उघडे ठेवा, नाहीतर पंजा आत जाणार नाही.

गळ्यापासून बगलेपर्यंतची कड तिरकी आहे, त्यामुळे ती हातात घेताच ताणते. कापल्याबरोबर, दुसरं काहीही करण्याआधी, तिच्यावर मायेच्या आत एक धावदोरा फिरवून ठेवा. मग गोटाची पट्टी लावताना पट्टी किंचित ओढून धरा, कड मात्र सैल सोडा. उलट झालं की छातीवर झोळ येतो आणि पिना लावत फिरावं लागतं.

आता घेर. बारा कळ्या एकाच दिशेने जोडा, म्हणजे प्रत्येकीची तिरकी कड पुढचीच्या सरळ कडेला. सरळ धागा तिरक्याला धरून ठेवतो आणि घेर लोंबत नाही. दोन तिरक्या कडा एकत्र आल्या तर ती शिवण महिन्याभरात खाली उतरते. घेर गोल बंद करायचा नाही, तो उघडाच राहतो. एका टोकाला सरळ कड उरेल आणि दुसऱ्या टोकाला तिरकी. सरळ टोक वरच्या पल्ल्याला द्या, ते सगळ्यांना दिसतं. तिरकं टोक आतल्या पल्ल्याखाली झाकलं जातं.

वरच्या कडेवर पाव इंच अंतराने दोन धावदोरे घाला आणि चुण्या गोळा करा. जोडलेल्या कळ्यांची वरची लांबी ७२ इंच भरते आणि ती वरच्या भागाच्या ६३ इंचांत बसवायची आहे. पाठीला चार कळ्या, प्रत्येक पल्ल्याला चार, दर चारांत ३ इंच गोळा करायचे. पोटावर चुण्या कमी, बाजूंना जास्त असं वाटून घेतलं तर कमरबंद सपाट बसतो. खालचा घेर साधारण ४ मीटर भरेल. अठराव्या शतकात घेर वाढला, घोट्यापर्यंतही गेला, पण शिवकाळासाठी एवढा पुरे.

कंबरेची शिवण झाली की जामा हँगरला लावून दोन रात्री लटकत ठेवा. तिरका धागा आपल्या वजनाने उतरतो तेवढा उतरू द्या. मगच अंगात घालून, दुसऱ्या कोणाकडून जमिनीपासून सारखं अंतर मोजून घेऊन, खालची कड छाटा आणि दुमडा. आदल्या रात्री घाईने दुमडलेला घेर मिरवणुकीत लाटांसारखा वर-खाली दिसतो.

बंद

पट्टी चौपदरी दुमडून अर्धा इंच रुंद बंद शिवा. आतल्या पल्ल्याला दोन जोड्या, उजव्या बगलेत एक आणि कंबरेशी एक. बाहेरच्या पल्ल्याला दोन, डाव्या बगलेत आणि डाव्या कंबरेशी. प्रत्येक बंदाच्या मागे त्याच कापडाचा दीड इंचाचा चौकोन लावा. सगळा ओढा बंदावर येतो आणि आधार नसेल तर बंद शाबूत राहतो, कापड मात्र मुळापासून फाटून येतं. हुक, वेलक्रो, टिच-बटण काही नको. लपवलेलं वेलक्रोसुद्धा हात वर करताना कर्रकन वाजतं.

टेलरकडून करून घ्यायचं असेल तर नुसतं चित्र दाखवू नका. मांजरपाटाचा बसवलेला नमुना उसवून तुकडे त्याच्या हाती द्या आणि आधीच सांगा: डार्ट नको, चेन नको, गळ्याला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) नको, मुंढा गोल करायचा नाही. चांगला कारागीरही सवयीने मुंढा कोरतो, आणि एकदा कोरला की चौबगला बसत नाही.

बाकीचं थोडक्यात. खाली पोटऱ्यांना घट्ट बसणारी सुती सुरवार, नेफ्यात नाडी, इलॅस्टिक नाही. कंबरेला ३ मीटर लांब आणि १८ ते २० इंच रुंद कापड लांबीत चुण्या घालून दोन वेढे द्या, टोकं समोर सोडा. लोकलने जायचं असेल तर घेराची दोन्ही टोकं उचलून कमरबंदात खोचा, नाहीतर डब्यात चढताना कोणाच्या तरी पायाखाली येऊन कंबरेची शिवण उसवते. सोबत सुई, त्याच रंगाचा दोरा आणि दोन जादा बंद ठेवा. रायगडावर जूनच्या पावसात भिजलात तर जामा पिळू नका, पाणी निथळू द्या आणि सावलीत आडवा वाळवा. ओला घेर दोरीवर उभा टांगला की कळ्या पुन्हा उतरतात आणि खालची कड नव्याने छाटावी लागते.